कव्हराखालचा घसारा



सोलापूरहून विजयपूरकडे जाताना मंद्रूप लागते. आज गावातल्या कोणत्याही गल्लीत जा, एखाद्या तरी घरापुढे कव्हर घातलेली चारचाकी उभी दिसेल. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असे नव्हते. तेव्हा गाडी म्हणजे डॉक्टरांची, बागायतदाराची, नाहीतर वडापाची जीप. आता शिक्षक, कंडक्टर, शिपाई, गवंडीकाम करणारा मिस्त्री असे कष्टकरी लोकही जुनी का होईना, गाडी घेऊ लागले आहेत. दवाखान्याला, लग्नकार्याला, मुलांच्या परीक्षेला ती उपयोगी पडते. काहींचा तर भाड्यावर पोटापाण्याचा धंदाच तिच्यावर चालतो.

आपल्या माणसाची गाडी सहसा शोरूममधून येत नाही. ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची असते. तिच्यात पतसंस्थेचे कर्ज असते, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम असते, घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने असते. म्हणून गाडी दारात आली की आपण पहिली खरेदी करतो ती कव्हराची. कव्हर घातले की गाडी सुरक्षित, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. त्याची किंमत मी मोजली आहे. ती इतर कुणाला मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

माझी चूक

मी एका कार्यालयात कारकून आहे. हिशेब लिहिणे हे माझे रोजचे काम. २०१८ साली मी गडद तांबड्या रंगाची एक जुनी गाडी घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. आईने दारात आलेल्या गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जपून वापर बाबा." त्याच आठवड्यात मी सोलापूरहून कापडी कव्हर आणले. संध्याकाळी कार्यालयातून यायचे, गाडी अंगणात लावायची आणि लगेच कव्हर ओढायचे, हा माझा नेम झाला. शेजारी म्हणत, "सायेब गाडीला लेकरागत जपतेत." मलाही ते ऐकून बरे वाटे.

गाडीवर दिवसभराची धूळ तशीच असे. ती झटकायची, पुसायची मला कधी गरज वाटली नाही. कव्हर घातल्यावर धूळ दिसत नसे, आणि जे दिसत नाही ते नाही, असा माझा समज होता. आई एकदा म्हणालीही, "झाडल्याबिगर अंथरूण घालतंय का कुणी?" मी हसून सोडून दिले.

मग २०२० साल आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्याच्या तीन-चार दिवस आधी मी आईला तपासणीसाठी सोलापूरला नेऊन आणले होते. येताना रस्त्याचे काम चालू असलेल्या भागातून आलो. गाडी मातीने भरली होती. तशाच गाडीवर कव्हर घातले, नाड्या सैल बांधल्या आणि घरात गेलो. पुढे अडीच महिने त्या कव्हराला हात लावला नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागात दुपारनंतर कसे वारे सुटते ते सांगायला नको. रात्री अंगणातून कव्हराची फडफड ऐकू येई. मे महिन्यात दोनदा वळीव पडला. कव्हर भिजले आणि गाडीवरच वाळले.

जूनमध्ये कव्हर काढले आणि मी बघतच राहिलो. टपावर पांढुरके डाग होते. बोनेटवर आणि दरवाजांच्या कडांवर रंग मंद पडला होता. उन्हात पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा सगळीकडे दिसत होत्या. मागच्या चाकावरच्या पत्र्याला आधीचा एक लहानसा टवका होता. तिथे गंज धरला होता. गाडी अडीच महिन्यांत एक किलोमीटरही चालली नव्हती.

गॅरेजमधल्या रंगकाम करणाऱ्या अण्णांना गाडी दाखवली. त्यांनी बोनेटवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सायेब, गाडी पळवून नाय, उभी करून झिजवलीत की ओ तुमी!"

२०२२ साली मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पैशांची गरज होती म्हणून गाडी विकायला काढली. घेणाऱ्याने इंजिनला नाव ठेवले नाही, टायरला नाव ठेवले नाही. रंगाकडे बोट दाखवून त्याने वीस हजार रुपये कमी केले. मुलीच्या पहिल्या वर्षाच्या वसतिगृहाचा खर्च साधारण तेवढाच होता. गाडी जपण्याच्या नादात मी मुलीचे वर्षभराचे राहण्याचे पैसे घासून टाकले होते.

हे घडते कसे?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि बहुतेक गाड्यांवर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक ही या थराची चमक असते. त्याची जाडी किती? साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. म्हणजे हा थर आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही सहसा पातळ असतो. एवढ्या नाजूक पापुद्र्यावर गाडीचे रूप अवलंबून असते.

आता आपल्या भागातील धूळ पाहा. आपली जमीन काळी. ती बेसॉल्ट या काळ्या दगडाची झीज होऊन तयार झाली. रस्त्याची खडीही त्याच दगडाची. चाकाखाली खडी भरडली जाते, तिचा चुरा उडतो आणि गाडीवर बसतो. दगडाचा हा कण डोळ्याला पिठासारखा दिसला तरी रंगाच्या थरापेक्षा कठीण असतो. कव्हर ओढताना तो कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडतो. वारा आला की कव्हर हलते आणि कण रंगावर फिरतो. सुताराचा पॉलिश पेपर काय करतो? कागदावर कठीण कण चिकटवलेले असतात आणि ते लाकडावर फिरतात. मळलेल्या गाडीवर घातलेले कव्हर हेच काम करते. ते कापड कितीही मऊ असो.

काळ्या मातीचा आणखी एक गुण आहे. ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि वाळली की घट्ट धरून बसते. पेरणीच्या दिवसांत चप्पल किती जड होते, हे शेतात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कव्हराखाली धूळ असताना पाऊस पडला, तर तिचा चिखल होतो, तो रंगावर आणि कापडाच्या आतल्या बाजूवर बसतो आणि वाळतो. पुढच्या वेळी कव्हर ओढले की ते ढेकळ रंग खरवडत जाते.

हिशेबाच्या भाषेत वस्तूची किंमत वर्षागणिक कमी होते, तिला घसारा म्हणतात. इतकी वर्षे मी हा शब्द खतावणीत लिहीत आलो. तो शब्द घासण्यातून आला आहे, हे मला माझ्या अंगणात कळले.

तेव्हा पहिला नियम असा: कव्हर गाडी स्वच्छ करीत नाही. ते फक्त स्वच्छ गाडीला स्वच्छ ठेवते. गाडी मळलेली असेल आणि पुसायला वेळ नसेल, तर त्या रात्री कव्हर घालू नका. उघड्या गाडीवर धूळ बसेल, पण बसलेली धूळ हलल्याशिवाय रंग घासत नाही. रोज गाडी बाहेर काढणाऱ्याने रोज कव्हर घालण्यापेक्षा पत्र्याचे छप्पर करता आले तर पाहावे. कव्हर खरे उपयोगी पडते ते चार-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला.

कापड कोणते?

बाजारात कव्हर मागितले की दुकानदार रंग आणि किंमत सांगतो. आपण कापड विचारावे.

सुती कव्हर रंगाला मऊ असते आणि त्यातून हवा खेळते. छपराखाली उभ्या गाडीला ते चांगले. पण उघड्यावर पाऊस आला की ते पाणी पिते, जड होते, लवकर वाळत नाही. मग कुबट वास येतो आणि बुरशी धरते. पॉलिस्टरचे कव्हर हलके असते, लवकर वाळते आणि ऊन सोसते. मात्र त्याच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर आहे की नाही, हे हात घालून पाहावे. नुसते खरखरीत पॉलिस्टर थेट रंगावर नको.

पूर्ण प्लास्टिकचे कव्हर किंवा ताडपत्री टाळावी. तिच्यातून वाफ बाहेर जात नाही. जमिनीतली ओल आणि गाडीवरचा दमटपणा आत कोंडतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. ताडपत्रीखाली दोन्ही मिळतात. आपल्याकडे निवडणूक किंवा वाढदिवस झाला की उतरवलेले फ्लेक्स गाडीवर टाकण्याची पद्धत आहे. फुकट मिळते म्हणून आपण ते वापरतो. फ्लेक्स म्हणजे जाड प्लास्टिकच. उन्हात ते तापते, त्याच्या कडा कडक असतात, वाऱ्यावर आपटतात. छपराला फ्लेक्स चालेल, गाडीच्या अंगावर नको. गोधडी किंवा जुनी जाड चादर टाकतात, तीही पाणी आणि धूळ धरून ठेवते.

कव्हर गाडीच्या मापाचेच घ्यावे. मोठे स्वस्तात मिळते म्हणून घेतले तर ते वाऱ्यावर फडफडते, आणि जितकी फडफड जास्त तितका घसारा जास्त. खालून बांधायला पट्टा किंवा नाडी असलेले कव्हर पाहावे.

दोन बादल्यांत गाडी

आता कुणी म्हणेल, रोज गाडी धुवायला पाणी कुठून आणायचे? प्रश्न अगदी बरोबर आहे. आपला जिल्हा कमी पावसाचा. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात घागरीला पाणी मिळायची पंचाईत असताना नळीने गाडी धुणे शोभणारे नाही. त्याची गरजही नाही. दोन बादल्यांत गाडी धुऊन होते.

एका बादलीत साधे पाणी घ्यावे, दुसरीत थोडा गाडीचा शाम्पू. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने रंगावरचे मेण निघून जाते. आधी तांब्याने टपावरून सावकाश पाणी सोडावे, म्हणजे सुटी माती खाली वाहून जाईल. या पायरीला घाई करू नये. न भिजवता फडके फिरवणे हेच रेघांचे मूळ आहे. मग शाम्पूच्या पाण्यात फडके बुडवून टपापासून खाली यावे. एक भाग झाला की फडके साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यावे आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. अशाने माती एका बादलीत राहते, रंगावर परत जात नाही. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत चालवावा. चाके सर्वांत शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे.

फडक्यासाठी आपल्याला लांब जायला नको. सोलापुरी टेरी टॉवेल घरोघरी आहे. सोलापुरी चादरीप्रमाणे या टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याच्या अंगावर जी उभी सुताची वळी असतात, त्यांच्यात धुळीचा कण शिरतो आणि रंगापासून दूर राहतो. सपाट विणीच्या फडक्यात कण वरच राहतो आणि घासतो. मात्र नव्या टॉवेलला खळ असते. तीन-चार वेळा धुऊन मऊ झालेला टॉवेल घ्यावा. त्याचा विणलेला काठ कडक असतो, तो आत दुमडावा. जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून पुन्हा गाडीला लावू नये. तो पुन्हा धुवावा.

धुण्याची वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. बोअरचे पाणी जड असते. त्यात क्षार असतात. तापलेल्या पत्र्यावर ते वाळले की पांढरे ठिपके पडतात. म्हणून सावलीत धुवावे आणि लगेच कोरड्या टॉवेलने टिपून घ्यावे. आर. ओ. मशीनमधून बाहेर टाकले जाणारे पाणी गाडीला वापरतात. त्यात तर क्षार अधिकच एकवटलेले असतात. ते फरशीला, संडासाला वापरावे. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी, पहिली सर सोडून, भरून ठेवले तर ते गाडीला उत्तम. ते हलके असते, डाग पडत नाहीत.

टंचाईच्या दिवसांत दोन बादल्याही नसतील तर गाडी थोडी थोडी भिजवून पुसावी. ओला पिळलेला टॉवेल आठ घड्यांचा करावा. एक घडी मळली की दुसरी काढावी. दाब देऊ नये. चिखल वाळलेला असेल तर मात्र पुसू नये, कव्हरही घालू नये. पाणी मिळेल तोपर्यंत थांबावे.

काही चालक डिझेलमध्ये फडके बुडवून गाडी चमकवतात. चमक येते खरी, पण तेलकट अंगावर धूळ दुप्पट बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. अशा गाडीवर कव्हर घातले तर कव्हरही तेलकट होते.

घालावे कसे, काढावे कसे?

गाडी पूर्ण कोरडी झाली आहे हे पाहावे. दरवाजांच्या फटी, आरसे, नंबर प्लेटमागची जागा येथे पाणी दडून बसते. इंजिन आणि धुराचा पाइप गार व्हायला अर्धा तास द्यावा. तापलेल्या पाइपाला लागून पॉलिस्टरचे कव्हर वितळल्याचे मी पाहिले आहे.

कव्हर ओढत नेऊ नये. ते दोघांनी घालावे. टपाच्या मध्यावर घडी ठेवावी, पुढे-मागे उलगडावी आणि मग दोन्ही बाजूंनी खाली सोडावी. आमच्याकडे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझी पत्नी असते. पाच मिनिटांचे काम. कव्हराच्या पुढच्या टोकाला आतून रंगीत धाग्याने खूण शिवून ठेवावी, म्हणजे दर वेळी उलटसुलट फिरवावे लागत नाही.

काढताना आधी वरची धूळ मऊ कुंचीने हलकेच झटकावी. नंतर दोन्ही बाजू टपावर उचलून घ्याव्यात, म्हणजे बाहेरची मळकी बाजू बाहेरच्या बाजूवरच येईल आणि आतली स्वच्छ बाजू मळणार नाही. मग पुढून-मागून घडी घालावी. आपल्यातले बरेच जण कव्हर एका टोकाला धरून खेचतात आणि अंगणात टाकतात. मातीत पडलेली आतली बाजू दुसऱ्या दिवशी गाडीच्या अंगावर जाते. कव्हराला पिशवी नसेल तर उशीचा जुना अभ्रा चालतो.

कव्हरालाही आंघोळ

आपण गाडी धुतो, कव्हर वर्षानुवर्षे धूत नाही. महिन्यातून एकदा आतल्या बाजूवरून हात फिरवावा. कचकच लागली तर धुण्याची वेळ झाली. आपल्याकडे शिवारातली कुसळे अस्तरात घुसतात. ती नखाने एकेक काढावी लागतात. राहिलेले एक कुसळही रंगावर रेघ मारते.

आधी कव्हर उलटे-सुलटे झटकावे. मग थोड्या पातळ साबणाच्या पाण्यात भिजवून हाताने चोळावे. दगडावर आपटू नये. आपटल्याने पॉलिस्टरवरचा लेप निघतो आणि पाणी आत येऊ लागते. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरावे, म्हणजे मधून वारा जातो. दोन्ही बाजू वाळल्या की मगच घडी.

आपल्या हवेतील शत्रू

वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी कव्हर काढलेच पाहिजे. गाडी आणि कव्हर दोन्ही वेगवेगळी वाळवावीत. पावसाळ्यात ओले कव्हर दिवसच्या दिवस ठेवण्यापेक्षा गाडी उघडी ठेवलेली बरी. पावसाने उघडी गाडी भिजते आणि वाळते. ओल्या कव्हराखाली ती वाळतच नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळतात. त्याची काळी राख गावभर उडते. ती हलकी असते, पण बोट लावले की काजळीसारखी पसरते. कव्हरावर किंवा गाडीवर राख असेल तर आधी फुंकून किंवा पाणी सोडून घालवावी, चोळू नये.

पक्ष्यांची विष्ठा रंगाला फार वाईट. तिच्यात युरिक आम्ल असते. उन्हाने तापलेल्या रंगावर ती तशीच राहिली की डाग खोल जातो आणि मग धुऊनही निघत नाही. लिंबाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्याला याच कारणासाठी कव्हर खरे उपयोगी. विष्ठा पडली की ओले फडके पाच मिनिटे वर ठेवावे आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावे.

आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत गाडीला झेंडे, हार, चित्रे चिकटवतात. निळा रंग उधळला जातो. आनंदाचा दिवस आहे, आनंद करावा. पण चिकटपट्टी दुसऱ्याच दिवशी काढावी. उन्हात राहिली तर तिचा डिंक रंगाला धरतो. कोरडा रंग आधी झटकावा, मग पाणी सोडावे. रंग उधळलेल्या गाडीवर रात्री तसेच कव्हर टाकले आणि पहाटे दव पडले, तर कव्हराच्या अस्तराला डाग पडतो आणि तो पुढे कुठेही उमटतो.

मुले, मांजरे आणि उंदीर

ही गोष्ट रंगापेक्षा मोठी आहे. कव्हर घातलेली गाडी मुलांना लपाछपीची जागा वाटते. गाडीचा दरवाजा उघडा राहिला, मूल आत शिरले आणि दरवाजा बंद झाला, तर बाहेरून कुणाला दिसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. बंद गाडीच्या आत तो काही मिनिटांतच त्याहून कितीतरी वर चढतो. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापते. त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून कव्हर घालण्याआधी चारही दरवाजे आणि डिकी कुलूपबंद आहे, हे हाताने ओढून पाहावे. किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. घरातले मूल दिसत नसेल तर सर्वांत आधी गाडीत पाहावे.

थंडीत मांजरे आणि कुत्र्याची पिल्ले चाकाजवळ, इंजिनच्या उबेला येऊन बसतात. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारावी. कव्हराखालच्या अंधारात उंदीरही वस्ती करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी आठ दिवस उभी असेल तर मध्ये एकदा बोनेट उघडून पाहावे. गाडीत खाण्याचे पदार्थ, मुलांची बिस्किटे ठेवू नयेत.

शेवटी हिशेब

विमा उतरवताना गाडीची किंमत ठरवण्याचे एक कोष्टक असते. त्यात गाडी एक वर्षाची होऊन दुसऱ्यात गेली की वीस टक्के घसारा धरतात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तीस, तीन ते चार वर्षांच्या गाडीला चाळीस, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षांत गाडीची निम्मी किंमत कागदावरच संपते. हा घसारा कुणाला चुकत नाही. पण कव्हराखाली जो घसारा होतो, तो कोणत्याही कोष्टकात नाही. विमाही तो भरून देत नाही, कारण रोजच्या वापराची झीज नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिश करून रेघा घालवता येतात, पण पॉलिश म्हणजे तोच पातळ थर आणखी थोडा घासून काढणे. दर वर्षी पॉलिश केले तर एक दिवस थरच उरत नाही. हा सगळा तोटा आपल्या खिशातून जातो, आणि जातो तो नेमका गरजेच्या वेळी, गाडी विकायला काढल्यावर.

तो टाळायला किती खर्च येतो? दोन बादल्या पाणी, दोन जुने टॉवेल आणि आठवड्यातली पाऊण तासाची मेहनत. आपल्या कष्टकरी माणसाला मेहनतीचे भय नाही. फक्त ती कुठे करायची, हे माहीत हवे.

२०२३ च्या अखेरीस मी पुन्हा एक जुनी गाडी घेतली. या वेळी कव्हर लगेच आणले नाही. आधी अंगणात दोन बादल्या ठेवल्या. रविवारी सकाळी गाडी धुतो. मुलगी सुटीला आली की तीही टॉवेल घेऊन उभी राहते. गाडी वाळेपर्यंत आई ओट्यावर बसलेली असते. कव्हराची घडी उचलली की ती आजही विचारते, "झाडलं का?" आता मी हसत नाही. टपावरून एकदा बोट फिरवतो, बोट पाहतो आणि मगच तिला "होय" म्हणतो.

वाचक हो, आज संध्याकाळी कव्हर ओढण्याआधी तुम्हीही आपल्या गाडीवरून एकदा बोट फिरवा. बोटाला माती लागली, तर कव्हर खाली ठेवा आणि आधी बादली भरा.